पायरीवाल्या ब्योमचा भाता

लोथार ब्योम यांना मी ओळखत होतो असं म्हणायला मला जड जातं. चौदा वर्षं त्यांच्या घरी जात होतो, पण जायचो ते गॅसचं मीटर बघायला, गळती शोधायला, तोटी बदलायला. घरच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत, मीही विचारल्या नाहीत. त्यांनी लग्न का केलं नाही, लढाईच्या शेवटच्या वर्षी ते कुठे होते, यातलं मला काहीही माहीत नाही. त्यांची ज्योत तेवढी माहीत आहे. ती बदलायला मीच गेलो होतो, म्हणून.

आमच्या गावात तीन घरांआड एक ब्योम. टपालवाल्याची पंचाईत होऊ नये म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव चिकटलेलं असतं आणि ते कागदोपत्रीसुद्धा चालतं. लोथार यांचं घर रस्त्यापासून अकरा पायऱ्या वर, म्हणून ते पायरीवाले ब्योम. खाली घंटावाले ब्योम, पलीकडे वाकडे ब्योम. सगळे काचेवर जगणारे. बाकीचे नाताळच्या झाडाला टांगायचे गोळे फुंकायचे, पायरीवाले माणसांसाठी काचेचे डोळे करायचे. लोथार यांच्या वडिलांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना डोळे करून दिले, लोथार यांनी दुसऱ्यातल्या.

आणि त्यांच्या बहिणीला. इर्मट्राउट त्यांच्याहून सात वर्षांनी धाकटी. सगळं गाव तिला इर्मीताई म्हणायचं. नऊ वर्षांची असताना वडिलांच्या कामाच्या खोलीत तापलेली काचेची नळी तडकली आणि कपचा तिच्या उजव्या डोळ्यात गेला. ती नळी तेव्हा कुणाच्या हातात होती याबद्दल गावात दोन मतं होती. लोथार तेव्हा सोळा वर्षांचे, वडिलांच्या हाताखाली शिकत होते. मी एवढंच सांगू शकतो, की तेव्हापासून तिचा प्रत्येक डोळा त्यांनी केला. काचेचा डोळा दोन वर्षांत झिजतो. अश्रूंनी त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि मग तो पापणीला आतून खातो. म्हणजे पन्नास वर्षांत पंचवीस-एक डोळे. तिच्या जित्या डोळ्याचं बुबुळ करडं-हिरवं होतं आणि त्यात खालच्या काठाला गंजाच्या रंगाचा एक ठिपका होता. तो ठिपका लोथार प्रत्येक डोळ्यात घालायचे.

काम बघायला मला आवडायचं. मीटर बघून झाल्यावर मी उगाच दोन मिनिटं रेंगाळायचो. टेबलाखाली चामड्याचा भाता होता आणि तो ते उजव्या पायानं दाबायचे. गावात सगळ्यांनी केव्हाच विजेचा पंखा बसवला होता. लोथार म्हणायचे, "पंख्याला पाय नसतो." भात्याची हवा आणि गॅस बर्नरच्या नळीच्या आत, तोंडापासून वीतभर मागे एकत्र व्हायचे. ती नळीही वडिलांची. पाय हलका ठेवला की ज्योत मऊ, निळी, हातभर लांब. पाय दाबला की ती चुरगळायची, घोंघावायला लागायची आणि आखूड, कडक होऊन तोंडाशी घट्ट बसायची. ते तिच्याकडे बघायचेही नाहीत, नजर काचेवर आणि ज्योत कानात. सकाळी सात वाजता आमच्या गल्लीतून चाललं की घराघरातून तो घोंघावणारा आवाज यायचा आणि डोळे मिटूनही सांगता यायचं की हे वाकडे, हे घंटावाले.

मग भिंत पडून देश एक झाला आणि दोन-तीन वर्षांत नवा गॅस आला. तोवर आमच्याकडे कोळशापासून केलेला गॅस होता. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन असायचा. नवा गॅस दूरच्या जमिनीतून येणारा, स्वच्छ, भारी आच देणारा, आणि त्यात हायड्रोजन जवळजवळ नाहीच. १९९३च्या शरदात मी हातात यादी घेऊन घरोघर फिरलो आणि प्रत्येक चुलीचं, प्रत्येक बर्नरचं भोक बदलून बारीक केलं. लोथार यांच्याकडे पोचलो तेव्हा इर्मीताई तिथेच खिडकीपाशी बसून गोळ्यांना दोरे बांधत होती.

"आला गॅसवाला," ती म्हणाली. "बाहेर बूट झटक. मागच्या वेळी अर्धा डोंगर घेऊन आला होतास."

"झटकले, ताई."

"लोथार, ह्याला सांग, तुझ्या नळीला हात लावायचा नाही."

"लावावा लागेल, उस्ताद," मी म्हणालो. "भोक मोठं राहिलं तर गॅस फार येईल."

लोथार यांनी जागेवरून उठून मला जागा करून दिली. "लाव. पण बाप बघतोय हां," एवढंच म्हणाले आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

मी भोक बदललं, काडी लावली. मऊ ज्योत ठीक आली. ते बसले, पाय भात्यावर ठेवला आणि कानाला हवा तो आवाज येईपर्यंत दाबला, जसा रोज दाबत होते तसा. ज्योत नळीचं तोंड सोडून पुढे सरकली, हवेत दोन बोटं तरंगली आणि विझली. त्यांनी पुन्हा पेटवली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हिला काय झालं?"

मी तेव्हा जे सांगितलं ते आता जरा नीट सांगतो. ज्योत एका जागी उभी दिसते, पण ती उभी नसते. गॅस तिला पुढे ढकलतो आणि ती गॅस खात मागे येते. दोघांचा वेग जुळतो तिथे ती थांबते. हायड्रोजनची ज्योत फार वेगानं खाते. त्यात भात्यानं तिला चुरगळलं की तिच्यावर घड्या पडतात, खायला तोंडं वाढतात. हायड्रोजन इतका हलका की तो आजूबाजूच्या गॅसला मागे टाकून घड्यांच्या फुगवट्यांकडे धावतो आणि तिथे आणखी जोरात जळतो. म्हणून जुनी ज्योत जितकी दाबावी तितकी चिवट व्हायची. नव्या गॅसच्या ज्योतीला घड्या पडतात, पण तिच्यात ती धाव नाही. तुम्ही दाबता आणि ती हात सोडते.

"म्हणजे ती आळशी आहे," इर्मीताई म्हणाली.

"हळू आहे, ताई."

"तेच म्हणाले मी."

लोथार म्हणाले, "मग मी हळू दाबायचं?"

"हो. किंवा पंखा आणि प्राणवायूचा सिलिंडर. घंटावाले आणतायत."

"प्राणवायूनं काच उकळते," ते म्हणाले. नंतर त्यांनी तोही वापरून बघितला. उधार आणलेल्या बर्नरवर पांढऱ्या काचेत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आले. गोळे करणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं, गोळ्याच्या आतून चांदी लावली की काही दिसत नाही. डोळ्यात दिसतं.

त्या हिवाळ्यात मी सात-आठ वेळा तरी गेलो. तक्रारीच्या वहीत त्यांचं नाव नसायचं, मीच जायचो. ते हळू दाबायला शिकले होते. पण हळू ज्योत मऊ पडायची, काचेला वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात पांढरा रंग करडा व्हायचा. मग विसरून पाय जोरात पडायचा आणि ज्योत जायची. पन्नास वर्षं पायानं जे केलं ते पाय विसरेना. खिडकीत एका पत्र्याच्या डब्यात बिघडलेले डोळे जमत चालले होते. एकदा मी त्यात हात घातला.

"मोजू नकोस," लोथार म्हणाले.

इर्मीताईचा डोळा तोवर झिजला होता. ती रुमालानं सारखी पापणी टिपायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ईस्टरपर्यंत नवा बसवा, नाहीतर खाच आकसेल आणि पुढे कुठलाच डोळा नीट बसणार नाही. शहरात डोळे करणारे होते, बसनं दोन तासांवर. ती जायला तयार नव्हती.

"इतकी वर्षं माझ्या तोंडावर याचंच काम आहे," ती मला म्हणाली. लोथार समोरच होते. "आता कुणा परक्यासमोर बसून डोळा काढू? या वयात?"

"जा की," लोथार म्हणाले. "मी काय धरून ठेवलंय?"

"धरून नाही ठेवलंस. त्या भात्यापाशी बसून राहिलायस."

त्यावर ते हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलं नाही, म्हणून लक्षात आहे.

मार्चमध्ये मला ती कल्पना सुचली. जुन्या गॅसमधून जे गेलं ते परत घालायचं, एवढीच. कामाच्या जागी आमच्याकडे चाचणीसाठी हायड्रोजनचा लाल सिलिंडर असायचा. तो असा घरी न्यायला परवानगी नव्हती आणि मी मागितलीही नाही. दोन तोट्या, वायूचा ओघ दाखवणाऱ्या दोन मोजनळ्या आणि एक जोड, एवढं मी घरी तयार केलं. रात्रंदिवस आकडे बघितले असं म्हणणार नाही, दोन संध्याकाळी बघितले. आमच्या पुस्तकात ज्योतीच्या वेगाचे तक्ते होते, पण ते शांत ज्योतीचे. भात्यानं चुरगळलेल्या ज्योतीचा तक्ता कुठे नव्हता. मी धरलं की निम्मा हायड्रोजन घातला की निम्मा फरक भरून निघेल. सरळ रेघ धरली.

शनिवारी सकाळी गेलो. सिलिंडर अकरा पायऱ्या चढवताना इर्मीताईनं वरून विचारलं, "हे काय, बॉम्ब?"

"हायड्रोजन, ताई."

"म्हणजे बॉम्बच."

"गप बस आणि तिथे बस," लोथार तिला म्हणाले आणि उत्तरेकडच्या खिडकीसमोरची खुर्ची दाखवली. डोळा करताना ती नेहमी तिथेच बसायची, म्हणजे जिता डोळा उजेडात दिसायचा. ती बसली. तिनं जुना डोळा काढून वाटीत ठेवला आणि मी दुसरीकडे बघितलं.

निम्मा हायड्रोजन घातला. लोथार यांनी पाय दाबला. ज्योत जरा जास्त टिकली आणि सरकली.

"काही नाही," ते म्हणाले.

थोडा वाढवला. जेमतेम फरक. आणखी वाढवला. मला वाटलं, माझं गणितच चुकलं, हा वायू नुसताच घालतोय मी.  पुन्हा तोटी फिरवली, अगदी थोडी, आणि लोथार यांनी हात वर केला.

"थांब."

तो आवाज मी सहा महिन्यांनी ऐकला. ज्योत तोंडाशी येऊन बसली आणि घोंघावायला लागली. त्यांनी पाय जोरात दाबला. ती हलली नाही, उलट आखूड आणि कडक झाली.

"इर्मी," ते म्हणाले, "मान सरळ."

पुढची चाळीस मिनिटं काम चाललं. पांढऱ्या नळीचं टोक लाल झालं, त्यांनी फुंकलं, बोराएवढा गोळा आला. त्याच्या माथ्यावर करड्या-हिरव्या काचेचा थेंब ठेवून तो विरघळवला. केसासारख्या काचेच्या काड्यांनी बुबुळाच्या रेघा ओढल्या. मध्येमध्ये ते बहिणीकडे बघायचे, तिच्याकडे नाही, त्या एका बुबुळाकडे. खालच्या काठाला गंजाचा ठिपका ठेवला. पांढरा अगदी स्वच्छ राहिला होता. मी मोजनळ्यांवर नजर ठेवून उभा होतो आणि मनात म्हणत होतो की एवढं एक होऊ दे.

मग बाहुली राहिली. बुबुळाच्या मधोमध काळ्या काचेचा टिपका. त्याला सुईसारखी ज्योत लागते, नाहीतर रेघा वाहून जातात. त्यासाठी लोथार नेहमी दोन गोष्टी करायचे, पाय उचलायचे आणि डाव्या हाताच्या करंगळीनं तोटी अर्धी बंद करायचे. हजारो वेळा केलेलं. जुन्या गॅसची हद्द त्यांना कानानं कळायची. ज्योत नळीच्या आत पळायच्या आधी ती फटफट करायची आणि ते पाय पुन्हा टेकवायचे.

पण ही जुन्या गॅसची ज्योत नव्हती. नुसता आवाज तसा होता. जुन्या गॅसमध्ये न जळणारे वायूही मिसळलेले असायचे आणि ते तिला लगाम घालायचे. माझ्या मिश्रणात लगाम नव्हता आणि हायड्रोजन मी तीन चतुर्थांशाच्या पुढे नेला होता. ही रेघ सरळ नसते. बराच वेळ ती झोपून असते आणि मग एकदम उभी राहते. हे मला त्याच क्षणी कळलं असं नाही. पण त्यांची करंगळी तोटीकडे जाताना मी पाहिली. गॅस हळू केला की ज्योतीला मागे यायला मोकळं रान मिळतं, हे तर मला माहीत होतं. मी बोललो नाही. त्यांचा हात हलेल म्हणून बोललो नाही. मग वाटलं, बोलायला हवं, आणि तोंड उघडलं.

शब्दाला वेळच मिळाला नाही. एक कोरडा ठोका झाला, हातोडीनं पत्र्यावर मारावं तसा. ज्योत तोंडावर नव्हती. ती नळीतून आत गेली होती, भात्याचा पाइप सुटून टेबलाखाली फडफडत होता आणि वडिलांची नळी जोडावर उभी चिरली होती. मी दोन्ही तोट्या बंद केल्या. तोवर ज्योत आपोआप विझली होती.

लोथार तसेच बसले होते. त्यांना लागलं नव्हतं. हातातल्या पांढऱ्या नळीचं टोक रिकामं होतं. डोळा खाली फरशीवर होता, चार तुकड्यांत.

इर्मीताई उठली, एका हातानं रिकामी पापणी झाकून त्यांच्यापाशी आली आणि दुसऱ्या हातानं त्यांची बोटं एकेक करून बघितली. मोजल्यासारखी.

"सगळी आहेत," ती म्हणाली.

"मला दिसतायत," लोथार म्हणाले.

मी म्हणालो, "उस्ताद, चूक माझी."

त्यांनी वाकून तुकडे गोळा केले, त्यातला बुबुळाचा तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "पांढरा चांगला आला होता." मग, "दुसरा सिलिंडर कधी आणतोस?"

"नाही आणणार."

"कमी घाल. कमी घालून बघू."

"कमी घातला तर ती सरकते. जास्त घातला तर आत पळते. मधली जागा मला सापडणार नाही, उस्ताद. पाय उचलला की ती जागा हलते."

"मला सापडेल."

"ताई समोर बसलेली असताना नाही," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग बहिणीकडे, तिच्या हाताखाली झाकलेल्या बाजूकडे. त्यानंतर त्या सिलिंडरचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी खाली उतरताना तो मला चढवतानापेक्षा जड लागला.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी इर्मीताई शहराला गेली. बसथांब्यावर मीच तिला सोडायला गेलो होतो, लोथार पायऱ्यांवर उभे होते. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो, चुलीची तोटी बघायला. खरं म्हणजे चुलीला काही झालेलं नव्हतं. ती टोपी न काढता थेट त्यांच्यासमोर बसली.

"एका तरुण पोरीनं केला," ती म्हणाली. "तासाभरात. तोंडानं सारखी बडबड. बघ."

तिनं डोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. डोळा उलटा केला, काठावरून बोट फिरवलं, खिडकीशी नेला, पुन्हा आणला. बराच वेळ. मला वाटतं ते चूक शोधत होते, आणि मीही मनात म्हणत होतो की सापडू दे. गंजाचा ठिपका खालच्या काठाला बरोबर जागी होता. त्या मुलीनं नीट बघितलं होतं.

"टोचतो?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चांगला आहे." त्यांनी तो तिला परत दिला. "चांगला केलाय."

"हो," इर्मीताई म्हणाली, डोळा बसवला आणि रुमाल शोधायला लागली. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. नवा डोळा बसवल्यावर तसं येतंच, आणि मी तेच धरून चाललो.

मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं. कामाच्या खोलीतली गॅसची नळी कायमची बंद करायची होती. मी पाना घेऊन गेलो. टेबल पुसलेलं होतं, भाता कोपऱ्यात, त्यावर पोतं. बिघडलेल्या डोळ्यांचा डबा दिसला नाही. मी भिंतीतून येणारी नळी कापली, तोंडाला टोपण बसवलं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं. ते दारात उभे राहून बघत होते.   त्यानंतर मी सुट्टीवर गेलो, मग दुसऱ्या खोऱ्यातल्या कामावर पाठवला गेलो, आणि शरदात ते वारल्याचं टपालवाल्यानं सांगितलं.

त्या दिवशी मी हत्यारं पिशवीत भरली आणि दाराशी आलो.

"स्वयंपाकघरातला गॅस चालू ठेवलायस ना?" त्यांनी विचारलं.

"ठेवलाय, उस्ताद. त्याला हात नाही लावला."

"मग बरं. इर्मी रविवारी बटाट्याचे गोळे करते."

"हो, मागे वास आला होता."

"त्यांचं पाणी उकळू द्यायचं नसतं. उकळलं की फुटतात."

"मग आच बारीक ठेवायला सांगा."

"बारीकच ठेवते ती," लोथार म्हणाले. "पायऱ्या जपून उतर, ओल्या आहेत."

"उतरतो," मी म्हणालो.